वीर-महाडसाठी स्वतःची वेबसाइट काढायची तर? सर्व्हरवर वर्डप्रेस कसं बसवतात, सोप्या भाषेत समजून घ्या

गणपती जवळ आले की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो: रेल्वेगाड्यांच्या वेळापत्रकाचा. फोटो पुसट असतो. त्यावर ना वर्ष असतं, ना कुणाचं नाव. तो यंदाचा आहे की तीन वर्षांपूर्वीचा, हे विचारेपर्यंत तो आणखी दहा ग्रुपवर गेलेला असतो.

आता वीर स्टेशनचा विचार करा. महाड शहरात रेल्वे जात नाही. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून महाडला रेल्वेने जायचं तर वीरला उतरायचं आणि पुढे रस्त्याने जायचं. गणपतीला येणारे चाकरमानी, रायगडावर जाणारे शिवप्रेमी, १९२७ च्या सत्याग्रहाची आठवण म्हणून २० मार्चला चवदार तळ्यावर येणारे लोक, पोलादपूरकडच्या गावांत जाणारे पाहुणे, या सगळ्यांना काही साधे प्रश्न पडतात. कोणती गाडी थांबते? पुढे एसटी आहे का? रिक्षा मिळेल का?

याची उत्तरं गावातल्या लोकांना माहीत असतात. पण ती एका ठिकाणी, तारखेसह, शोधलं की सापडतील अशी लिहून ठेवायची कुठे? फेसबुक पोस्ट दोन दिवसांत खाली जाते. इन्स्टाग्राम स्टोरी २४ तासांत दिसेनाशी होते. व्हॉट्सॲपवरचा मेसेज ग्रुपबाहेरच्या माणसाला सापडतच नाही.

यावर एक उपाय म्हणजे स्वतःची वेबसाइट. ती काढायला इंजिनिअर असावं लागत नाही. समजा, वीरमधल्या चार-पाच जणांनी मिळून अशी एक माहितीची वेबसाइट सुरू करायची ठरवली. ती सर्व्हरवर कशी बसवायची, कुठे अडायला होतं आणि कोणती चूक महागात पडते, हे एकेक करून समजून घेऊ.

सीएमएस म्हणजे काय?

सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम. मराठीत म्हणायचं तर मजकूर सांभाळणारी यंत्रणा.

पूर्वी वेबसाइटचं प्रत्येक पान हाताने कोड लिहून बनवावं लागायचं. एक वेळ बदलायची तरी फाइल उघडा, कोड बदला, पुन्हा सर्व्हरवर चढवा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक दरवर्षी जूनमध्ये लागू होतं आणि पावसाळा संपला की पुन्हा नेहमीचं वेळापत्रक येतं. म्हणजे वर्षातून किमान दोनदा सगळ्या वेळा बदलायच्या. हे काम एकट्या कोड जाणणाऱ्या मुलावर टाकलं, तर तो परीक्षेला बसला की वेबसाइट जुनीच राहणार.

सीएमएस असलं की ब्राउझरमधून लॉगिन करायचं, पान उघडायचं, वेळ बदलायची आणि बटण दाबायचं. मोबाइलवरूनही हे जमतं.

वर्डप्रेस हे यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं सीएमएस. मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी 'बी२' नावाच्या जुन्या प्रणालीवरून ते तयार केलं आणि २७ मे २००३ रोजी त्याची पहिली आवृत्ती आली. डब्ल्यू३टेक्सच्या पाहणीनुसार आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. द्रुपल आणि जूमला ही आणखी दोन ओळखीची नावं. मराठी वाचकांनी द्रुपल नक्की वापरलंय, भलेही नाव ऐकलं नसेल. १९९६ मध्ये सुरू झालेली 'मायबोली' आणि नंतरचं 'मिसळपाव' ही संकेतस्थळं द्रुपलवर चालत आली आहेत.

आपण वर्डप्रेस घेऊ. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि ते मराठीत उपलब्ध आहे.

इथे एक गोंधळ आधीच दूर करू. वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉमवर खातं उघडलं की जागा त्यांची आणि नियमही त्यांचे. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं आणि ते तुम्ही घेतलेल्या सर्व्हरवर बसवता येतं. या लेखात आपण दुसऱ्या पद्धतीबद्दल बोलतोय.

आधी काय काय लागतं?

बाजारपेठेतल्या दुकानाचं उदाहरण घ्या. दुकानाला पाटी लागते, गाळा लागतो, मांडणी लागते आणि हिशोबाची वही लागते. वेबसाइटचंही तसंच आहे.

पाटी म्हणजे डोमेन, अर्थात वेबसाइटचा पत्ता. शेवटी डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी असं काहीही घेता येतं. देवनागरीत पत्ता हवा असेल तर शेवटी '.भारत' असलेलं डोमेनही मिळतं. ही सोय २०१४ पासून आहे. मात्र काही ॲपमध्ये देवनागरी पत्ता नीट दिसत नाही, म्हणून तो घेतलात तरी सोबत रोमन अक्षरांतलाही घ्या. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवायचं असतं आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून नूतनीकरण करायचं असतं.

गाळा म्हणजे होस्टिंग. सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू असलेला आणि इंटरनेटला जोडलेला कॉम्प्युटर. तो डेटा सेंटरमध्ये असतो आणि त्यातली थोडी जागा आपण भाड्याने घेतो. एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट असतील तर त्याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात. हे स्वस्त असतं आणि गावाच्या वेबसाइटला पुरतं. व्हीपीएस घेतलं तर सर्व्हरचा वेगळा भाग तुमच्या ताब्यात येतो, पण त्याची देखभालही तुमच्याच अंगावर येते. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. शक्य असेल तर मुंबईसारख्या भारतातल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर निवडा. वाचणारे बहुतेक मुंबई-पुणे-कोकणातले असतील, तर जवळच्या सर्व्हरवरून पान लवकर उघडतं.

मांडणी म्हणजे वर्डप्रेसच्या फाइल, आणि वही म्हणजे डेटाबेस. तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द, प्रत्येक युजर, प्रत्येक सेटिंग डेटाबेसमध्ये जातं. फोटो मात्र फाइलच्या बाजूला, एका फोल्डरमध्ये साठतात. ही विभागणी लक्षात ठेवा. बॅकअपच्या वेळी तिचं काम आहे.

होस्टिंग घेताना तीन गोष्टी विचारा. पीएचपीची चालू आवृत्ती आहे का? वर्डप्रेस सध्या ८.३ किंवा त्यापुढची सुचवतं. मायएसक्यूएल ८.० किंवा मारियाडीबी १०.६, किंवा त्याहून नवं काही आहे का? आणि एसएसएल प्रमाणपत्र फुकट मिळतं का? लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रं मोफत देते, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे मोजायची सहसा गरज नसते. आणखी एक, पहिल्या वर्षाची किंमत बघून भुलू नका. नूतनीकरणाचा दर बरेचदा जास्त असतो. तोही आधीच बघा.

पैसे भरण्याआधी: खातं कुणाच्या नावावर?

हा मुद्दा तांत्रिक वाटत नाही, म्हणून सगळे तो सोडून देतात. मीही सोडला होता.

कॉलेजात असताना आम्ही काही मित्रमैत्रिणींनी लेखांची एक वेबसाइट सुरू केली होती. डोमेन एका सीनियरच्या ईमेलवरून नोंदवलेलं होतं. तो पास होऊन गेला, त्याने तो ईमेल बघणं सोडलं आणि नूतनीकरणाचे सगळे मेल तिथेच पडून राहिले. एक दिवस वेबसाइट उघडेना. चौकशी केली तेव्हा मुदत कधीच टळलेली होती. होस्टिंगही गेलं होतं आणि कुणाकडेच कॉपी नव्हती. दोन वर्षांचे लेख गेले. त्यातल्या काही मुलाखती पुन्हा घेणं शक्यच नव्हतं.

म्हणून डोमेन आणि होस्टिंगसाठी वेबसाइटचा स्वतंत्र ईमेल बनवा. तो किमान दोघांना उघडता आला पाहिजे. रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर वापरातला हवा. गावातला मुलगा नोकरीसाठी मुंबईला किंवा आखातात जातो, नंबर बदलतो, आणि त्याच्यासोबत मंडळाच्या पेजचा पासवर्डही जातो. वेबसाइटचं तसं होऊ देऊ नका.

इन्स्टॉल करायच्या सहा पायऱ्या

शेअर्ड होस्टिंगवर साधारणपणे सीपॅनल किंवा तसंच एखादं कंट्रोल पॅनल मिळतं. खालच्या पायऱ्या सीपॅनल धरून सांगितल्या आहेत. दुसऱ्या पॅनलमध्ये बटणांची जागा बदलेल, काम तेच राहील.

१. डोमेन सर्व्हरला जोडा. डोमेन आणि होस्टिंग एकाच कंपनीकडून घेतलं असेल तर हे बहुतेक आपोआप होतं. वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलं असेल तर होस्टिंगवाल्यांनी दिलेले नेमसर्व्हर डोमेनच्या खात्यात भरायचे. हा बदल सगळीकडे पोहोचायला काही मिनिटांपासून एक-दोन दिवसही लागू शकतात. तेवढ्यात वेबसाइट तुमच्याकडे उघडली आणि मित्राकडे नाही, तर घाबरू नका.

२. एसएसएल सुरू करा. पॅनलमध्ये त्याचा वेगळा विभाग असतो. हे वर्डप्रेस बसवण्याआधी केलेलं बरं, म्हणजे पत्ता पहिल्यापासून एचटीटीपीएसने सुरू होतो आणि नंतर दुरुस्त करत बसावं लागत नाही.

३. डेटाबेस बनवा. पॅनलमधल्या मायएसक्यूएल डेटाबेस विभागात जा. आधी डेटाबेसला नाव द्या, मग एक युजर आणि त्याचा पासवर्ड तयार करा, आणि शेवटी त्या युजरला त्या डेटाबेसचे सगळे अधिकार द्या. ही शेवटची कृती बरेच जण विसरतात. दुसरी गंमत अशी की सीपॅनल नावाच्या आधी तुमच्या खात्याचं नाव आणि एक अंडरस्कोर जोडतं. म्हणजे तुम्ही 'वीर' असं नाव दिलंत तरी पूर्ण नाव वेगळं असतं. ते पूर्ण नाव जसंच्या तसं लिहून ठेवा.

४. फाइल चढवा. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून झिप फाइल उतरवा. मराठी विभागावरून मराठी आवृत्तीही मिळते. पॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये 'पब्लिक एचटीएमएल' नावाचं फोल्डर असतं. तिथे झिप अपलोड करून एक्स्ट्रॅक्ट करा. सगळ्या फाइल 'वर्डप्रेस' नावाच्या आणखी एका फोल्डरमध्ये निघतात. त्या तिथून बाहेर काढून थेट 'पब्लिक एचटीएमएल'मध्ये आणा. हे केलं नाही तर वेबसाइटच्या पत्त्यापुढे कायम 'वर्डप्रेस' हा शब्द चिकटून राहतो.

५. इन्स्टॉलर चालवा. आता ब्राउझरमध्ये तुमचा पत्ता टाका. सगळं नीट असेल तर भाषा निवडायचं पान येतं. यादीतून 'मराठी' निवडा. पुढच्या पानावर डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि डेटाबेस होस्ट विचारतात. होस्टच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'लोकलहोस्ट' चालतं, कारण डेटाबेस त्याच सर्व्हरवर असतो. टेबलांच्या नावाआधीची अक्षरं विचारतील, ती आहेत तशी ठेवली तरी चालतात. ही सगळी माहिती वर्डप्रेस 'कॉन्फिग' फाइलमध्ये लिहून ठेवतं. या फाइलमध्ये पासवर्ड असतो. तिचा स्क्रीनशॉट काढून मदतीसाठी ग्रुपवर टाकू नका.

६. वेबसाइटची माहिती भरा. नाव, ॲडमिनचं युजरनेम, पासवर्ड आणि ईमेल. युजरनेम 'ॲडमिन' ठेवू नका, कारण लॉगिन फोडू बघणारे आधी तेच वापरून बघतात. याच पानावर सर्च इंजिनांनी या साइटची नोंद घेऊ नये, अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यावर टिक करू नका. चुकून टिक झाली तर वेबसाइट नीट चालते, पण गुगलवर सापडत नाही, आणि कारण कळायला महिने जातात.

बटण दाबलं की झालं. वर्डप्रेस स्वतः याला पाच मिनिटांचं इन्स्टॉलेशन म्हणतं. पहिल्यांदा करणाऱ्याला तासभर लागतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे सगळं एका क्लिकवर होत नाही का?

होतं. बऱ्याच पॅनलमध्ये सॉफ्टाक्युलससारखी सोय असते. नाव आणि पासवर्ड भरला की डेटाबेस बनवण्यापासूनची कामं ती स्वतः करते. ती वापरायला हरकत नाही.

पण एकदा हाताने करून बघितलेलं बरं. उद्या वेबसाइट बंद पडली तर डेटाबेस कुठे आहे, फाइल कुठे आहेत आणि दोघांना जोडणारी कॉन्फिग फाइल कोणती, हे माहीत असलेला माणूसच ती पुन्हा उभी करू शकतो.

मराठी वेबसाइटसाठी काय वेगळं करायचं?

इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हा भाग नसतो, म्हणून नीट वाचा.

अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात: डेटाबेस यूटीएफ-८ पद्धतीचा नसेल तर असं होतं. पॅनलमध्ये पर्याय असेल तर 'यूटीएफ-८ एमबी-४' हा प्रकार निवडा. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इमोजीला चार. एमबी-४ मध्ये दोन्ही मावतात.

जुना मजकूर चिकटवला तर कचरा दिसतो: मंडळाची स्मरणिका किंवा शाळेचा अंक डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असतो. तो थेट चिकटवला की भलतीच चिन्हं उमटतात. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदलून झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांनी तपासा, चुका बहुधा तिथेच राहतात.

लिंक लांबलचक होते: मथळा मराठीत लिहिला की वर्डप्रेस लिंकही मराठीतच बनवतं. ब्राउझरमध्ये ती छान दिसते, पण व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते, कारण देवनागरीतलं एक चिन्ह लिंकमध्ये नऊ अक्षरं घेतं. वर्डप्रेस लिंकच्या या भागासाठी २०० अक्षरांचीच जागा ठेवतं. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण २२ चिन्हांनंतर तुमचा मथळा लिंकमध्ये तुटतो. उपाय सोपा आहे. प्रकाशित करण्याआधी लिंकच्या रकान्यात रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द लिहा.

'ल' आणि 'श' हिंदीसारखे दिसतात: वेबसाइटची भाषा मराठी ठेवली असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाची अक्षरं दिसतात. म्हणून सेटिंगमध्ये भाषा 'मराठी' आहे ना, हे एकदा बघून घ्या.

वेळ चुकते: सेटिंगमध्ये टाइमझोन 'कोलकाता' निवडा. वेळापत्रकाच्या पानावर 'शेवटचा बदल' चुकीच्या वेळेचा दिसला तर लोकांचा विश्वास उडतो.

अडलं तर आधी काय बघायचं?

डेटाबेसशी जोडणी होत नाही असा मेसेज आला, तर दहापैकी नऊ वेळा डेटाबेसचं नाव, युजर किंवा पासवर्ड यातलं एक अक्षर चुकलेलं असतं, किंवा युजरला अधिकार द्यायचे राहिलेले असतात.

मुख्य पान उघडतं, पण आतलं प्रत्येक पान ४०४ दाखवतं? सेटिंगमध्ये पर्मालिंकच्या पानावर जा आणि काहीही न बदलता सेव्ह करा. लिंकचे नियम सांगणारी लपलेली फाइल त्यामुळे पुन्हा लिहिली जाते.

नवं प्लगइन टाकल्यावर पांढरं पान आलं? फाइल मॅनेजरमधून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. प्लगइन बंद पडतं आणि वेबसाइट परत येते.

फाइल चढत नाही म्हणून कुणी परवानगी ७७७ करायला सांगितलं, तर ऐकू नका. तसं केलं तर त्या सर्व्हरवर कुणालाही तुमच्या फाइलमध्ये लिहिता येऊ शकतं. फोल्डरसाठी ७५५ आणि फाइलसाठी ६४४ हे नेहमीचे आकडे आहेत.

इन्स्टॉल झालं, पुढे काय?

वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन यांचे अपडेट येतात, ते टाळू नका. वेबसाइट हॅक होण्याचं एक मोठं कारण जुनी प्लगइन हे असतं. फुकट मिळतंय म्हणून पैशांच्या थीमची चोरटी कॉपी बसवू नका. तिच्यात काय लपवलंय ते तुम्हाला दिसत नाही. जी प्लगइन वापरत नाही, ती काढून टाका.

सगळ्यांना ॲडमिन करू नका. वर्डप्रेसमध्ये प्रत्येकाला त्याच्या कामापुरते अधिकार देता येतात. फक्त गाडीच्या वेळा बदलणाऱ्याला संपादकाचे अधिकार पुरतात. नवख्याला योगदानकर्ता करा, म्हणजे त्याने लिहिलेलं कुणीतरी वाचल्याशिवाय प्रकाशित होणार नाही.

फोटो छोटे करून चढवा. मोबाइलमधला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. घाटातल्या वाडीवर जिथे एकच रेघ नेटवर्क येतं, तिथे असं पान उघडतच नाही.

रिक्षावाल्यांचे किंवा गावकऱ्यांचे मोबाइल नंबर टाकायचे असतील तर आधी त्यांची परवानगी घ्या. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झालाय. कायदा बाजूला ठेवला, तरी विचारणं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं: बॅकअप

२२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाड शहरात शिरलं. दुकानं, दवाखाने, घरं पाण्याखाली गेली. वीज गेली, मोबाइल नेटवर्क गेलं. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडी कोसळून जीव गेले. मुंबईत बसलेले नातेवाईक रात्रभर फोन लावत होते. व्हॉट्सॲपवर खरे-खोटे, नवे-जुने व्हिडिओ एकत्र फिरत होते.

वेबसाइटने पूर थांबत नाही. पण कोणता रस्ता बंद आहे आणि तहसील कार्यालयाचा नंबर काय, हे तारीख-वेळेसह एका ठिकाणी लिहिलेलं असेल, तर बाहेर असलेल्या माणसाला आधार मिळतो. गावात नेटवर्क नसताना मुंबईतला एखादा सदस्य लॉगिन करून ते पान बदलू शकतो, कारण सर्व्हर गावात नसतो. म्हणून लॉगिन असलेली सगळी माणसं एकाच गावात नसावीत. आणि अशा दिवशी एकदम हजारो लोक वेबसाइट उघडतात, तेव्हा स्वस्तातलं होस्टिंग दमतं. त्यासाठी कॅशिंगचं प्लगइन आधीच बसवून ठेवा आणि तातडीच्या माहितीचं पान निव्वळ मजकुराचं ठेवा.

आता बॅकअपकडे येऊ. पुराचं पाणी येणाऱ्या बाजारपेठेत हिशोबाची वही खालच्या कप्प्यात कुणी ठेवत नाही. वेबसाइटची वही मात्र लोक तिथेच ठेवतात. बॅकअप घेतात, पण त्याच सर्व्हरवर. सर्व्हर बिघडला, खातं बंद झालं किंवा कुणी हॅक केलं, तर वेबसाइट आणि बॅकअप दोन्ही एकदम जातात.

बॅकअपमध्ये दोन गोष्टी हव्यात: डेटाबेस आणि फाइल. नुसता डेटाबेस घेतला तर मजकूर वाचतो, फोटो जातात. नुसत्या फाइल घेतल्या तर फोटो राहतात आणि मजकूर जातो. जाणकार ३-२-१ असा नियम सांगतात. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. वीरच्या वेबसाइटची एक प्रत सर्व्हरवर, एक क्लाउड ड्राइव्हवर आणि एक पुण्या-मुंबईतल्या सदस्याच्या हार्ड डिस्कवर, एवढं केलं तरी पुरे. बॅकअप आपोआप घेणारी प्लगइन मिळतात. मजकूर रोज बदलत असेल तर रोज, नाहीतर आठवड्यातून एकदा घ्या.

आणि एक काम कुणीच करत नाही, ते तुम्ही करा. पावसाळ्याआधी, साधारण मे महिन्यात, एक दिवस ठरवा. बॅकअपची प्रत घेऊन दुसऱ्या एखाद्या जागी, चाचणीसाठी, वेबसाइट पुन्हा उभी करून बघा. मजकूर आला का, फोटो आले का, पासवर्ड चालतात का, हे तपासा. कधी उघडूनच न बघितलेला बॅकअप ऐनवेळी उघडेल याची खात्री नसते.

थोडक्यात लक्षात ठेवा

डोमेन आणि होस्टिंगचं खातं एकाच माणसाच्या हाती नको. डेटाबेसचं पूर्ण नाव, युजर आणि पासवर्ड सुरक्षित जागी लिहिलेला हवा. सर्च इंजिनच्या चौकोनावर टिक नको. लिंक छोटी आणि रोमन अक्षरांत हवी. अपडेट वेळेवर हवेत. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी हवा, आणि तो चालतोय हे बघितलेलं हवं.

यादीतलं पहिलं काम आजच करता येईल. तुमच्या गावाचं, मंडळाचं किंवा शाळेचं पेज वा वेबसाइट असेल, तर ते कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या नंबरवर आहे, एवढं ग्रुपवर विचारून बघा. उत्तर लगेच आलं तर छान. नाही आलं, तर तो माणूस शोधायला आजपासूनच लागा.